जग सापेक्षतावाद विसरत चाललं होतं, तेव्हा कोल्हापूरचा हा रँग्लर बनारसमध्ये आईनस्टाईनची समीकरणं सोडवत बसला होता

रविवारी संध्याकाळी खडकवासल्याच्या चौपाटीवर गाडी लावायला जागा मिळत नाही. मिळालीच तर भाजलेलं कणीस घ्यायचं आणि पाण्याकडे बघत उभं राहायचं. एखादं पोरगं पाण्यात खडा टाकतं, गोल तरंग निघतो. शेजारचं पोरगं दुसरा खडा टाकतं. दोन्ही तरंग एकमेकांतून आरपार जातात आणि काही झालंच नाही अशा थाटात पुढे सरकतात.

याच धरणावर १२ जुलै १९६१ ला पानशेतचं पाणी येऊन आदळलं होतं. ते पाणी तरंगासारखं वागलं नाही. मोठ्या लाटेचा उंच भाग जास्त वेगानं पळतो, पुढच्या पाण्यावर चढतो आणि लाटेचा आकारच बदलत जातो. त्या दिवशी खडकवासला धरणही फुटलं आणि पुढे पुण्यात काय झालं, ते घरातल्या कुठल्याही म्हाताऱ्या माणसाला विचारा.

पाणी तेच होतं. पण हालचाल लहान असते तेव्हा गणित सोपं असतं, एक अधिक एक दोन. हालचाल मोठी झाली की लाट स्वतःच स्वतःवर परिणाम करायला लागते आणि एक अधिक एकचं उत्तर दोन येत नाही. गणितवाले पहिल्याला रेषीय म्हणतात, दुसऱ्याला अरेषीय. इंग्रजीत लिनियर आणि नॉन-लिनियर.

खडकवासल्यालाच केंद्राची जल आणि विद्युत संशोधनाची मोठी संस्था आहे. तिथे बंदरांच्या छोट्या प्रतिकृती बांधून त्यांवर लाटा सोडतात आणि काय होतं ते मोजतात. या संस्थेची सुरुवात १९१६ सालची. त्याच वर्षी आईनस्टाईननं सांगितलं की पाण्यासारखेच तरंग खुद्द अवकाशातही उठत असले पाहिजेत. आणि त्याच वर्षी बनारस हिंदू विद्यापीठाची पायाभरणी झाली. या तीन गोष्टींचा आपसात काही संबंध नाही, निव्वळ योगायोग आहे. पण आजची गोष्ट ज्या माणसाची आहे, त्याच्या आयुष्यात यातल्या दोन एकत्र आल्या.

त्यांचं नाव विष्णू वासुदेव नारळीकर.

जयंत नारळीकरांचे वडील, एवढीच त्यांची ओळख बहुतेकांना असते. त्यात चूक काही नाही, पण ही ओळख फारच अपुरी आहे.

विष्णुपंतांचा जन्म २६ सप्टेंबर १९०८ चा, कोल्हापूरचा. मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधून १९२८ साली ते बीएस्सी झाले आणि केंब्रिजला गेले. तिथली गणिताची ट्रायपॉस परीक्षा पहिल्या वर्गात पास होणाऱ्याला रँग्लर म्हणतात. रघुनाथ परांजपे १८९९ साली सीनियर रँग्लर झाले, तेव्हापासून महाराष्ट्रात हा शब्द नावाच्या आधी लावायची पद्धतच पडली. विष्णुपंत १९३० साली रँग्लर झाले, तेही विशेष प्रावीण्यासह. पुढे त्यांना आयझॅक न्यूटन स्टुडंटशिप मिळाली आणि रॅले पारितोषिकही मिळालं.

बक्षिसांपेक्षा महत्त्वाचं म्हणजे ते केंब्रिजला गेले तो काळ. तिथे आर्थर एडिंग्टन होते. १९१९ च्या खग्रास ग्रहणात ताऱ्यांचा प्रकाश सूर्याजवळून जाताना वाकतो हे दाखवून आईनस्टाईनला जगप्रसिद्ध करणारे ते हेच. १९३० साली एडिंग्टननी आणखी एक काम केलं. आईनस्टाईनचं विश्व स्थिर होतं, ना वाढणारं ना आकसणारं. एडिंग्टननी विचारलं, या विश्वाला जरासा धक्का दिला तर? उत्तर आलं की ते एकतर फुगत जाईल नाहीतर कोसळेल. टोकावर उभ्या केलेल्या पेन्सिलीसारखी त्याची अवस्था होती.

आधी एक नीटनेटकं उत्तर घ्यायचं, त्याला थोडंसं हलवायचं आणि तो हलका धक्का पुढे वाढतो की विरतो ते बघायचं, या पद्धतीला पर्टर्बेशन थिअरी म्हणतात. मराठीत क्षोभ सिद्धांत. विश्वशास्त्रातलं आजचं निम्मंअधिक काम याच पद्धतीनं चालतं. विष्णुपंत केंब्रिजमध्ये शिकत असताना हे तिथे घडत होतं.

गंमत म्हणजे याच एडिंग्टनना गुरुत्वीय लहरींबद्दल मात्र शंका होती. १९२२ साली त्यांनी दाखवलं होतं की कागदावर दिसणाऱ्या तीन प्रकारच्या लहरींपैकी दोन प्रकार खरे नाहीतच. आपण मोजपट्टी वाकडी धरली म्हणून त्या लाटा दिसतात, अवकाशात काही हलत नाही. तिसरा प्रकार मात्र टिकला. खरं काय आणि मोजपट्टीचा भास कोणता, हा प्रश्न लक्षात ठेवा, तो पुढे परत येणार आहे.

शिक्षण झाल्यावर विष्णुपंत अमेरिकेत कॅलटेकला जायच्या विचारात होते. त्या काळी खगोलशास्त्रात पुढे जायचं तर याहून चांगली जागा नव्हती. पण गोलमेज परिषदेसाठी विलायतेत आलेल्या मदनमोहन मालवीयांची आणि त्यांची गाठ पडली. मालवीय आपल्या विद्यापीठासाठी माणसं शोधत होते. त्यांनी या तरुणाला थेट गणित विभागाचा प्रमुख म्हणून बोलावलं. १९३२ साली विष्णुपंत बनारसला रुजू झाले तेव्हा त्यांचं वय होतं जेमतेम चोवीस.

आज कॅलटेक सोडून बनारस, असं कुणी केलं तर घरचे चार दिवस बोलणार नाहीत.

बनारसला आल्यावर त्यांनी विषय निवडला तो सामान्य सापेक्षता. आणि इथेच या गोष्टीतली खरी जोखीम आहे. तिसाव्या दशकात हा विषय मागे पडायला लागला होता. हुशार पोरं क्वांटमकडे, अणूकडे धावत होती. सापेक्षतेत मोजण्यासारखं काही उरलं नाही, उरलं आहे ते नुसतं अवघड गणित, असं भल्याभल्यांचं मत होतं. पुढची पंचवीस-तीस वर्षं जगात हीच हवा राहिली. अशा विषयात विद्यार्थ्यांना घालायचं म्हणजे त्यांच्या नोकरीचीही जबाबदारी घ्यायची.

अवघड म्हणजे किती अवघड? आईनस्टाईनची समीकरणं दहा आहेत आणि ती एकमेकांत गुंतलेली आहेत. वस्तुमानामुळे अवकाश वाकतं, इथपर्यंत ठीक. पण वाकलेल्या अवकाशातही ऊर्जा असते आणि त्या ऊर्जेमुळे अवकाश आणखी वाकतं. गुरुत्वाकर्षणालाच गुरुत्वाकर्षण असतं म्हणा ना. पानशेतच्या लाटेसारखं, स्वतःवरच परिणाम करणारं. ही झाली अरेषीयता.

खुद्द आईनस्टाईनची याच ठिकाणी फसगत झाली. १९१६ साली लहरी सांगताना त्यानं लहान तरंगांचं सोपं गणित वापरलं होतं. १९३६ साली नेथन रोझनबरोबर तो पूर्ण, अरेषीय समीकरणं सोडवायला बसला आणि उलट्याच निष्कर्षावर आला, की गुरुत्वीय लहरी नसतातच. हा लेख त्यानं फिजिकल रिव्ह्यू या नियतकालिकाला पाठवला. संपादकानं तो दुसऱ्या तज्ज्ञाकडे तपासायला दिला, तज्ज्ञानं चूक दाखवली आणि आईनस्टाईननं रागावून लेख परत घेतला. नंतर चूक ध्यानात आली आणि १९३७ साली दुरुस्त लेख वेगळ्याच नियतकालिकात छापून आला. त्यात लहरी होत्या. चूक होती ती मोजपट्टीचीच. कागदावर जिथे अवकाश मोडल्यासारखं दिसत होतं, तिथे प्रत्यक्षात मोडलेली होती ती मोजायची पद्धत.

म्हणजे सोप्या गणितावर पूर्ण विसंबता येत नाही आणि पूर्ण गणित सुटत नाही, असा पेच होता. विष्णुपंतांनी अवघड वाट धरली. समीकरणांना काट न मारता, काही सोडून न देता, जशीच्या तशी सोडवायची. अशी अचूक उत्तरं फार कमी सापडतात. पण एक सापडलं की ते कायमचं उपयोगी पडतं, कारण क्षोभ सिद्धांताला सुरुवात करायला खाली पक्कं जोतं लागतं आणि ते जोतं म्हणजे असं अचूक उत्तर.

१९४२ साली बनारसला एक गुजराती तरुण येऊन दाखल झाला. नाव प्रह्लाद चुनीलाल वैद्य. वय चोवीस, सोबत बायको आणि काही महिन्यांची मुलगी, गाठीला थोडीशी शिल्लक. ती पुरेल तेवढे दिवस नारळीकरांकडे सापेक्षता शिकायची, एवढाच बेत. हे पत्करणाऱ्या वैद्यांचं कौतुक आहेच, पण अशा बेताच्या माणसाला दारात उभं करून घेणाऱ्या गुरूचंही आहे. देशात चले जाव चळवळ पेटलेली होती, जगात महायुद्ध चालू होतं आणि हे दोघं ताऱ्याभोवतीच्या अवकाशाचं गणित करत होते.

प्रश्न साधा वाटतो. ताऱ्याबाहेरचं गुरुत्वाकर्षण कसं असतं याचं अचूक उत्तर कार्ल श्वार्त्सशिल्डनं १९१६ सालीच दिलं होतं. पण त्याचा तारा अंधारा होता. खरा तारा प्रकाश फेकतो. प्रकाश म्हणजे ऊर्जा, ऊर्जा म्हणजे वस्तुमान. आपला सूर्यच दर सेकंदाला साधारण चाळीस लाख टन वस्तुमान प्रकाशाच्या रूपात गमावतो. म्हणजे ताऱ्याचं वस्तुमान सतत घटतंय आणि बाहेरची जागाही रिकामी नाही, तिथून प्रकाश वाहतोय आणि त्या प्रकाशालाही स्वतःचं गुरुत्वाकर्षण आहे. आता सोडवा समीकरणं.

वैद्यांनी ती सोडवली. बनारसमधला त्यांचा मुक्काम वर्षभराचाही नसेल, पण तेवढ्यात उत्तर हाती आलं. १९४३ साली बंगळुरूच्या करंट सायन्समध्ये ते छापून आलं. परदेशात फारसं कुणी लक्ष दिलं नाही. वीस वर्षं ते तसंच पडून राहिलं. १९६३ साली क्वेसार म्हणजे काय ते उमगलं, प्रचंड ऊर्जा ओकणाऱ्या, कोसळणाऱ्या वस्तूंचा विचार सुरू झाला आणि सगळ्यांना एकदम प्रकाश टाकणाऱ्या ताऱ्याचं अचूक उत्तर हवं झालं. ते तयार होतं. आज जगभरच्या पुस्तकांत त्याला वैद्य मेट्रिक म्हणतात. हॉकिंगनं १९७४ साली कृष्णविवरं हळूहळू विरतात असं सांगितल्यावर तर त्याची गरज आणखी वाढली.

बनारसमधला दुसरा विद्यार्थी के. आर. करमरकर. नारळीकर आणि करमरकर यांचा एक लेख १९४९ सालचा आहे आणि मला विचाराल तर आजच्या विषयाशी त्याचं नातं सर्वांत जवळचं आहे. मघाचा प्रश्न आठवा: खरी वक्रता कोणती आणि मोजपट्टीचा भास कोणता? कुठल्याही मोजपट्टीनं मोजलं तरी जी संख्या बदलत नाही, तीच खरी. अवकाशाच्या वक्रतेचं वर्णन करायला एकूण २० स्वतंत्र घटक लागतात. त्यांतून अशा न बदलणाऱ्या संख्या जास्तीत जास्त १४ निघतात. नारळीकर आणि करमरकरांनी त्या चौदा संख्यांचा संच लिहून दाखवला. एडिंग्टनची शंका, आईनस्टाईनची १९३६ ची चूक, दोन्हींच्या मुळाशी असलेला घोळ निस्तरायला लागणारं हे हत्यार. करमरकरांची १९४८ सालची एक अटही त्यांच्याच नावानं ओळखली जाते आणि ताऱ्यांची गणिती प्रारूपं करणारे आजही ती वापरतात.

एक गोष्ट मात्र सरळ सांगायला हवी. विष्णुपंतांनी गुरुत्वीय लहरींचा शोध लावला, असं काही नाही. तसा मेसेज व्हॉट्सॲपवर आला तर पुढे पाठवू नका. त्यांचं काम होतं ते ज्या समीकरणांतून लहरी निघतात ती समीकरणं जिवंत ठेवण्याचं आणि ती सोडवू शकणारी माणसं घडवण्याचं.

घरातही तोच कारखाना होता. पत्नी सुमतीबाई संस्कृतच्या जाणकार, माहेरच्या हुजूरबाजार. त्यांचे एक बंधू वसंत शंकर हुजूरबाजार पुढे नामांकित संख्याशास्त्रज्ञ झाले. जयंत आणि अनंत या दोन मुलांसाठी विष्णुपंतांनी बनारसच्या घरात भिंतीवर फळे लावून घेतले होते. पोरांनी वाटेल ते खरडावं म्हणून. पुढे शिकायला आलेल्या मोरूमामांनी त्यातला एक फळा ताब्यात घेतला. ते त्यावर जयंतसाठी एक अवघड गणित लिहून ठेवायचे आणि गणित सुटेपर्यंत ते पुसलं जायचं नाही. जयंतरावांनी आपल्या 'चार नगरांतले माझे विश्व' या आत्मचरित्रात बनारसच्या दिवसांबद्दल भरभरून लिहिलं आहे. त्या चार नगरांतलं पहिलं बनारस, वडिलांचं.

मुलगाही केंब्रिजला गेला, रँग्लर झाला आणि १९६४ साली फ्रेड हॉईलबरोबर स्वतःचा गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत मांडून मोकळा झाला. वडिलांनी आयुष्यभर आईनस्टाईनची समीकरणं सोडवली आणि पोरानं ती बदलायला घेतली. चालायचंच.

१९६० साली विष्णुपंतांनी बनारस सोडलं आणि काय केलं? राजस्थान लोकसेवा आयोगाचे अध्यक्ष झाले, अजमेरला. सहा वर्षं. सापेक्षतेच्या चौदा संख्या काढणारा माणूस सरकारी नेमणुकांच्या फायली बघत होता. पटवाऱ्यापासून पंतप्रधानापर्यंत सगळ्यांचे व्हिडिओ बघून परीक्षेची तयारी करणाऱ्या आजच्या पोरांना कल्पना करून बघायला हरकत नाही, समोर मुलाखतीला कोण बसलंय!

१९६६ साली ते पुणे विद्यापीठात आले, उपयोजित गणिताचे लोकमान्य टिळक प्राध्यापक म्हणून. १९७३ पर्यंत त्या जागेवर होते. टिळक स्वतः गणितात रमणारे, त्यामुळे अध्यासनाचं नाव शोभूनच दिसत होतं. जगात तोवर वारं फिरलं होतं. क्वेसार, पल्सार, कृष्णविवरं, सगळीकडे सापेक्षता लागत होती. १९६९ साली त्यांच्या साठीच्या निमित्तानं अहमदाबादला अभ्यासक जमले आणि सामान्य सापेक्षता व गुरुत्वाकर्षण यांवर काम करणाऱ्यांची भारतीय संघटना उभी राहिली. पहिले अध्यक्ष अर्थातच नारळीकर. एकेकाळी एका विभागात मावणारी मंडळी आता देशभरची संघटना चालवण्याइतकी झाली होती. पुढच्याच वर्षी बंगळुरूच्या सी. व्ही. विश्वेश्वरा यांनी श्वार्त्सशिल्डच्या कृष्णविवराला कागदावर धक्का देऊन बघितला आणि ते घंटेसारखं एका ठरावीक सुरात वाजून शांत होतं असं दाखवलं. अचूक उत्तराचं जोतं, त्यावर क्षोभ.

१९८८ साली पुणे विद्यापीठाच्याच आवारात आयुका उभी राहायला लागली, जयंतरावांच्या नेतृत्वाखाली. वडिलांना ती सुरुवात बघता आली. १ एप्रिल १९९१ ला विष्णुपंत गेले, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी.

त्याच वर्षी आयुकातले संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांचा एक लेख आला. एकमेकांभोवती फिरत जवळ येणाऱ्या दोन ताऱ्यांची लहर गोंगाटातून ओळखायची कशी, त्यासाठी किती नमुने तयार ठेवायचे, याची ती पद्धत होती. तेव्हा लहर पकडणारं यंत्रच नव्हतं. १४ सप्टेंबर २०१५ ला अमेरिकेतल्या लायगो यंत्रांनी पहिली लहर पकडली. चार किलोमीटरच्या भुजेत साधारण प्रोटॉनच्या हजाराव्या भागाइतकाच फरक पडला होता. दोन कृष्णविवरं एक झाल्यावर शेवटी जो घंटेसारखा सूर विरत गेला, तो विश्वेश्वरांनी सांगितलेला. वैद्य मात्र हे बघायला नव्हते, ते २०१० साली गेले होते.

तो सूर दोन तुकड्यांत ओळखता येतो. शेवटचं विरणं लहान तरंगाच्या गणितानं निघतं. त्याआधीची टक्कर मात्र पानशेत, ती महासंगणकाशिवाय सुटत नाही. आणि या दोघांच्या मधली जागा भरायला वरच्या पायरीचं क्षोभ गणित लागतं. पहिल्या पायरीत धक्क्याचा वर्ग सोडून देतात. धक्का शंभरात एक असेल तर त्याचा वर्ग दहा हजारात एक, कोण मोजतो! दुसऱ्या पायरीत तोही मोजतात. विश्वाच्या सुरुवातीच्या काळाला हे लावलं की एक नवीच गोष्ट दिसते. पहिल्या पायरीत पदार्थाचे उंचवटे आणि गुरुत्वीय लहरी एकमेकांना ओळखतही नाहीत, आपापल्या वाटेनं जातात. दुसऱ्या पायरीत मात्र ते उंचवटेच लहरी जन्माला घालतात.

जून २०२३ मध्ये जगभरच्या रेडिओ दुर्बिणींच्या गटांनी सांगितलं की सगळं विश्वच फार संथ गुरुत्वीय लहरींनी गुणगुणत असल्याच्या खुणा मिळाल्या आहेत. त्यात नारायणगावजवळच्या खोडदची जीएमआरटी होती. ही गुणगुण बहुधा महाकाय कृष्णविवरांच्या जोड्यांची असावी, असं अनेकांना वाटतं. दुसऱ्या पायरीच्या गणितातून निघणाऱ्या, विश्वाच्या बालपणातल्या लहरी हाही एक उमेदवार आहे. ते ठरवण्यासाठी पल्सारांच्या ठोक्यांची मोजदाद खोडदला अजून चालू आहे.